पडल्यावर देवाकडे परतताना: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

सुटलेली दारू पुन्हा सुरू झाली, मंडळीच्या पैशांत हात घातला गेला, नवऱ्याशी किंवा बायकोशी खोटेपणा झाला, घरात हात उगारला गेला. किंवा यातलं काहीच नाही, नुसता धंदा बुडाला, परीक्षा गेली, लग्न मोडलं. अशा वेळी ख्रिस्ती माणूस बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर रविवारी चर्चला जाणं हळूहळू बंद करतो. नाहीतर त्याच रात्री रडून, गुडघे टेकून, "प्रभू, आता आयुष्यात पुन्हा नाही" अशी शपथ घेतो आणि महिन्याभरात ती मोडली की मग जाणं बंद करतो.

दोन्हीकडे श्रद्धा कमी नसते, क्रम चुकलेला असतो. सांत्वनाची वचनं आधी वाचली जातात आणि चुकीला नाव शेवटी दिलं जातं, किंवा कधीच दिलं जात नाही. शपथ पहिल्या दिवशी घेतली जाते आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाणं राहूनच जातं. पुढचे टप्पे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही वापरता येतील. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

## तयारी

- छापील बायबल. भाषांतर कोणतंही चालेल, पण मोबाइलवरचं नको. स्तोत्र ५१ च्या मधोमध व्हॉट्सअॅपची सूचना आली की माणूस परत पहिल्या ओळीवर जात नाही.
- सुटे कागद आणि पेन. वही नको, कारण यातला एक कागद पुढे फाडून टाकायचा आहे.
- सलग तीन दिवस, रोज साधारण पाऊण तास. रात्री अकरानंतरची वेळ टाळा. त्या वेळी अपराधीपणा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो.
- एका माणसाचं नाव. त्याला अजून फोन करायचा नाही. कसा निवडायचा ते पाचव्या टप्प्यात आहे.

उपवास या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. मोठ्या पडझडीनंतर लगेच धरलेला सात दिवसांचा उपवास बऱ्याचदा स्वतःला दिलेली शिक्षा असते. उपवास करायचाच असेल तर सातव्या टप्प्यानंतर करा.

## टप्पा १: पहिले चोवीस तास, आधी शरीर

१ राजे १९ मध्ये एलीया रानात झुडपाखाली बसतो आणि "आता पुरे झाले" म्हणत मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर येतं. हा क्रम जसाच्या तसा उचला: जेवा, झोपा, अंघोळ करा.

या चोवीस तासांत चार गोष्टी करायच्या नाहीत:

1. कोणालाही लांबलचक कबुलीचा मेसेज पाठवायचा नाही.
2. कसलीही शपथ, नवस किंवा "आजपासून कायमचं" असा निर्णय नको.
3. सेवेचा, गायनवृंदाचा किंवा संडे स्कूलचा राजीनामा नको. कदाचित पुढे द्यावा लागेल, पण आज नको.
4. सोशल मीडियावर काहीही लिहायचं नाही. "माझ्यासाठी प्रार्थना करा, कारण विचारू नका" हेसुद्धा नाही.

थांबायचं नाही अशी परिस्थिती: कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका चालू असेल, मुलावर अत्याचार झाला असेल किंवा होत असेल, तर चोवीस तासांचा नियम लागू नाही. लगेच ११२, मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१. ही कामं प्रार्थनेच्या आधीची आहेत. तुम्ही स्वतः हात उगारला असेल तर आधी त्या घरातून बाहेर पडा.

दारूबाबत: रोज भरपूर पिणाऱ्याने प्रार्थनासभेत भावनेच्या भरात एकदम बाटली सोडली, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. हा विश्वासाचा अभाव नव्हे आणि सैतानाचा हल्लाही नव्हे. दारूला सरावलेलं शरीर तसं वागतं. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

तपासणी: जगणंच नको असे विचार येतायत का? तर हा लेख बाजूला ठेवा, घरातल्या कोणाला तरी जवळ बसवा आणि टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कामातली इच्छा गेली असेल तर डॉक्टरांकडे जायचं. नैराश्यावर पापकबुली हा उपाय नाही. नैराश्यातला माणूस दिवसातून दहादा पापकबुली करतो आणि दहाही वेळा त्याला क्षमा झाल्यासारखी वाटत नाही.

## टप्पा २: अपयश कोणत्या जातीचं आहे ते ठरवा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. मराठी घरांत "अपयश" या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी ढकललेल्या असतात आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा आहे. एका कागदावर चार रकाने आखा.

पाप: कळत होतं, दुसरं करता येत होतं, तरी केलं. इथे क्षमा मागायची.

चूक: कळलं नाही, अंदाज चुकला, अनुभव कमी पडला. इथे शिकायचं आणि सुधारायचं. चुकीसाठी देवाकडे क्षमेची याचना करत बसलात तर मन शांत होणार नाही, कारण तिथे क्षमा करण्यासारखं फार काही नसतं.

आघात: पाऊस पडला नाही, कंपनी बंद झाली, आजार आला. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशू दोन्ही नाकारतो. लूक १३:४ मध्ये शिलोहातला बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दलही तो हेच सांगतो, की ते इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते. आघातासाठी विलाप आहे, पश्चात्ताप नाही. स्तोत्र १३ वाचा. त्याहून खोल गेलेल्याने स्तोत्र ८८ वाचावं. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात आहे.

दुसऱ्याने तुमच्याशी केलेलं: मारहाण, फसवणूक, लैंगिक अत्याचार. याचं ओझं तुमचं नाही. "आपलंही काहीतरी चुकलं असेल" हे वाक्य या रकान्यात लिहायला बंदी आहे.

खरं आयुष्य अर्थात एकाच रकान्यात बसत नाही. समजा, दुकान बुडालं. बाजूला मोठं सुपरमार्केट आलं, हा आघात. उधारीचा हिशोब नीट ठेवला नाही, ही चूक. शेवटच्या दोन महिन्यांत भिशीचे पैसे न विचारता वापरले, हे पाप. तीन वेगळ्या ओळी लिहा. मग असं दिसतं की ज्यासाठी रात्रभर रडत होतो त्यातला मोठा भाग आघाताचा आहे, आणि ज्याबद्दल एकदाही प्रार्थना केली नाही ती भिशीची ओळ बाकी आहे.

तपासणी: पापाचा रकाना रिकामा असेल तर टप्पा ३, ५ आणि ६ तुमच्यासाठी नाहीत. चौथ्या टप्प्यातलं फक्त वाचन करा आणि सातव्यावर जा. पाप शोधूनच काढायचं, असा हट्ट धरू नका.

## टप्पा ३: नाव द्या

वेगळा कागद घ्या. पापाच्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसाठी एक वाक्य लिहा. त्यात चार गोष्टी हव्यात: मी, काय केलं, कोणाचं, किती वेळा किंवा किती. "पण" आणि "कारण" हे शब्द या वाक्यात चालणार नाहीत.

चुकीचं: "प्रभू, आर्थिक बाबतीत माझ्याकडून काही गोष्टी घडल्या."
बरोबर: "मी भिशीचे चाळीस हजार रुपये सभासदांना न विचारता दुकानात वापरले आणि विचारल्यावर बँकेत आहेत असं दोनदा सांगितलं."

चुकीचं: "माझा स्वभाव रागीट आहे."
बरोबर: "मी मुलाला पट्ट्याने मारलं आणि आईला सांगितलंस तर बघ, असं धमकावलं."

"स्वभाव" हा शब्द विशेष सांभाळा. त्यात कृती हरवते आणि माणूसच दोषी ठरतो. मग बदलायचं नेमकं काय, ते कळत नाही.

इथे एक अडचण नेहमी येते. स्तोत्र ५१:४ मध्ये उरीयाची बायको बळकावून त्याला लढाईत मारवणारा दावीद राजा म्हणतो, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. याचा आधार घेऊन पुष्कळ जण माणसांकडे जाणं टाळतात: देवाशी मिटलं, आता उरीयाच्या घरच्यांचं काय ते देव बघेल. पण हे स्तोत्र २ शमुवेल १२ ला जोडून वाचायचं असतं. तिथे नाथान संदेष्टा देवाच्या वतीने उरीया हित्तीचं नाव घेऊन दावीदाला जाब विचारतो. देवाविरुद्धचं पाप माणसाच्या अंगावरच केलेलं असतं.

वेळेची मर्यादा: वीस मिनिटं. काही लोक इथे अडकतात, कागद भरत जातात, लहानपणी चोरलेल्या पेन्सिलीपर्यंत पोचतात. मन असं खाजवत राहण्याची सवय असेल तर फक्त ज्याने हे सगळं सुरू झालं तेवढंच लिहा आणि थांबा. कॅथलिक असाल तर एकच फादर ठरवून त्यांच्याच सल्ल्याने चाला. दर आठवड्याला वेगळ्या कन्फेशनलमध्ये तेच पाप सांगत फिरू नका.

## टप्पा ४: देवापुढे पदरी घ्या, आणि उत्तर वाचा

कबुली सगळे करतात. उत्तर ऐकायला थांबणारे थोडे. म्हणून वाचन आणि प्रार्थना जोडून, तीन दिवसांत वाटून करायची.

पहिला दिवस: स्तोत्र ५१, मोठ्याने, बसून. त्यानंतर टप्पा ३ चा कागद मोठ्याने वाचा. शेवटी जकातदाराची प्रार्थना, लूक १८:१३: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." एवढंच. आज सांत्वनाची वचनं शोधायची नाहीत.

दुसरा दिवस: लूक १५:११-२४. इथे एक गोष्ट बारकाईने पाहा. धाकटा मुलगा परदेशात असताना बापाला सांगायचं भाषण तयार करतो (ओवी १८-१९). त्याचा शेवट असा, की मला तुमच्या एका मजुरासारखं ठेवा. घरी आल्यावर तो भाषण सुरू करतो (ओवी २१), पण मजुराचं वाक्य येतच नाही. बाप त्याआधीच झगा, अंगठी आणि वहाणा आणायला सांगून मोकळा होतो. तुमच्या प्रार्थनेत मजुराचं वाक्य कुठे आहे ते शोधा: "मी आता फक्त मागच्या बाकावर बसेन", "मला आशीर्वाद नकोत, फक्त मुलांना सांभाळ." ते खोडा. ते ऐकायला नम्र वाटतं, पण खरं तर ती बापाशी चाललेली घासाघीस आहे.

तिसरा दिवस: १ योहान १:८ पासून २:२ पर्यंत, मग रोमकरांस ८:१ आणि ८:३१-३९. १ योहान १:९ तीनदा मोठ्याने वाचा. त्यात अट एकच आहे, पापं पदरी घेण्याची, म्हणजे कबूल करण्याची. पुरेसं रडण्याची नाही, पुरेसा काळ जाण्याची नाही. नंतर १ योहान ३:२० वाचा: आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असेल तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. तो कागद मात्र अजून फाडू नका, पुढच्या दोन टप्प्यांत लागेल.

इथे काय बिघडतं:

*भावनेची वाट पाहणं.* "क्षमा झाली असं वाटत नाही" म्हणून तीच कबुली पुन्हा पुन्हा. वाटण्याला कधी आठवडे लागतात, कधी वर्ष. कबूल केलेलं पाप पुन्हा आठवलं तर नव्याने क्षमा मागायची नाही. "हे तू क्षमा केलंस" असं म्हणून आभार मानायचे.

*चिठ्ठीतलं वचन.* बऱ्याच मंडळ्यांत नववर्षाच्या उपासनेला वचनाची कार्डं वाटतात. यिर्मया २९:११ तिथे हमखास असतं: तुमच्याविषयी माझे हिताचे संकल्प आहेत. पण तो निरोप बाबेलमध्ये बंदिवान झालेल्या लोकांना आहे, आणि त्याच्या आदल्याच ओवीत सत्तर वर्षं थांबायचं सांगितलं आहे. "मला सर्वकाही शक्य आहे" हे फिलिप्पैकरांस ४:१३ देखील भूक आणि तृप्ती, विपुलता आणि टंचाई या दोन्हीत राहता येण्याबद्दल आहे, पुढच्या परीक्षेच्या निकालाबद्दल नाही. संदर्भ सोडून धरलेलं वचन पहिल्याच धक्क्याला निसटतं, आणि मग देवानेच शब्द मोडला असं वाटायला लागतं. नियम सोपा आहे: कोणतंही वचन धरण्याआधी त्याच्या मागच्या आणि पुढच्या दहा ओव्या वाचा.

## टप्पा ५: एका माणसासमोर

येशूला ओळखतच नाही म्हणणारा पेत्र आणि त्याला पकडून देणारा यहूदा, दोघेही एकाच रात्री पडले. यहूदाला पश्चात्तापच झाला नाही असं आपण धरून चालतो. मत्तय २७:३-५ नीट वाचा. त्याला पस्तावा झाला, त्याने "मी पाप केलं" असं स्पष्ट शब्दांत सांगितलं, तीस रुपयेही परत नेले. पण सांगितलं ते मुख्य याजकांना आणि वडीलजनांना, ज्यांना त्याच्यात काडीचाही रस नव्हता. "त्याचे आम्हांला काय" हे त्यांचं उत्तर. मग तो एकटा निघून गेला. पेत्रही बाहेर जाऊन फार रडला, पण तो इतर शिष्यांच्या सोबत राहिला. रिकाम्या कबरेपाशी आलेल्या निरोपात (मार्क १६:७) "त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला" असं त्याचं नाव वेगळं घेतलं गेलं, तेव्हा तो निरोप पोचवता येईल अशा जागी होता. कोणाला सांगतो, याला एवढं महत्त्व आहे.

कॅथलिक असाल तर हा टप्पा म्हणजे प्रायश्चित्त संस्कार, फादरांसमोरचं कन्फेशन. गोव्यात याला कुमसार म्हणतात.

1. पॅरिशच्या सूचनाफलकावर वेळ पाहा. मोठं प्रकरण असेल तर मिस्साच्या आधीच्या रांगेत उभं न राहता फादरांकडे वेगळी वेळ मागा. ईस्टर आणि नाताळच्या आधीच्या आठवड्यांत रांगा मोठ्या असतात, तेव्हा सविस्तर बोलणं होत नाही.
2. गावात सगळे ओळखीचे असतील तर दुसऱ्या पॅरिशमध्ये जा. त्यात काहीही गैर नाही.
3. क्रुसाची खूण करा, शेवटचं कन्फेशन केव्हा झालं ते सांगा. वर्षं आठवत नसतील तर "फार वर्षं झाली, मदत करा" म्हणा. फादर पुढे नेतात.
4. कागदावरची वाक्यं सांगा. गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगायची असते, कहाणी नाही. सासूची, भावाची, शेजाऱ्याची पापं सांगायची नाहीत.
5. प्रायश्चित्त काय दिलं ते नीट ऐका, समजलं नाही तर तिथेच विचारा. ते करता येण्यासारखं नसेल तर तसंही सांगता येतं.
6. पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा. पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत. मग पापमुक्तीचे शब्द पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका.

लाज वाटली म्हणून एखादं गंभीर पाप जाणूनबुजून लपवू नका. खरोखर विसरलेलं मात्र क्षमेत आलंच, पुढच्या वेळी आठवलं तर सांगायचं. कन्फेशनची गुप्तता फादर कोणत्याही कारणाने मोडू शकत नाहीत.

प्रोटेस्टंट असाल तर याकोब ५:१६ प्रमाणे एकमेकांजवळ कबुली आहे, पण ठरलेली रीत बहुतेक मंडळ्यांत नाही. म्हणून निवड काळजीपूर्वक करा. पाळक असू शकतात, वयाने मोठी बहीण असू शकते. निकष तीन: हा माणूस दुसऱ्यांची गुपितं तुम्हाला सांगत नाही, त्याने तुमच्याकडून कधी पैसे किंवा उपकार घेतलेले नाहीत, तुमचं पाप ऐकून तो लगेच उपाय सांगायला धावणार नाही. पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला सांगणं बरं, विशेषतः लैंगिक बाबतीत.

सुरुवातीलाच विचारा: "हे तुमच्याजवळच राहील ना? पाळकबाईंना, वडीलमंडळाला सांगणार असाल तर आधी सांगा." प्रामाणिक माणूस इथे एक अपवाद सांगेल, की लहान मुलाला किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. ही चांगली खूण आहे.

सावधान: प्रार्थना-ग्रुपवर टाकलेली "विनंती" संध्याकाळपर्यंत तीन गावांत पोचते. आणि उपासनेत उभं राहून साक्ष देणं आता नको. ताजी साक्ष ऐकायला जोरदार असते, लोक हालेलुया म्हणतात, पण तिच्यात दुसऱ्यांची नावं फुटतात आणि पुन्हा पडलात तर उठायला जागा राहत नाही. किमान एक वर्ष थांबा, आणि ज्यांचं नुकसान केलं त्यांची परवानगी घ्या.

## टप्पा ६: भरपाई

मत्तय ५:२३-२४: वेदीजवळ असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. क्रम येशूनेच दिला आहे.

पैशांचं असेल तर आकडा काढा. लेवीय ६:५ मध्ये मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा असा नियम आहे. जक्कया या जकातदाराने (लूक १९:८) चौपट देऊ केलं. आज त्याची सक्ती नाही, पण पाचवा हिस्सा हे चांगलं माप आहे: वरच्या चाळीस हजारांवर आठ हजार, एकूण अठ्ठेचाळीस. एकरकमी जमत नसेल तर हप्ता लेखी ठरवा. दरमहा चार हजार म्हणजे बारा महिने. हे पैसे चर्चच्या दानपेटीत टाकून भागत नाही. ज्याचे त्याला गेले पाहिजेत. तो माणूस हयात नसेल तर वारसांना.

माफी मागताना वाक्यं कमी: मी हे केलं. त्याने तुमचं हे नुकसान झालं. भरपाईसाठी मी हे करतोय. तुम्ही माफ करावं अशी माझी अपेक्षा नाही. मग गप्प. "येशूने मला माफ केलंय, आता तुम्हीही करा" हे वाक्य दुखावलेल्या माणसाच्या डोक्यावर दगड मारल्यासारखं पडतं.

कुठे जायचं नाही: ज्या व्यक्तीने भेट नको सांगितली आहे तिच्याकडे. ज्याच्यावर शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार केला त्याच्याकडे थेट तर नाहीच. तिथे मध्यस्थ आणि कायदा यांच्यामार्फतच. ज्याच्याशी अनैतिक संबंध होते त्याला "शेवटचं भेटून माफी मागायला" जाणं ही पुन्हा पडण्याची सगळ्यात ठरलेली वाट आहे.

मार खाणाऱ्या बाईला "ख्रिस्ताने क्षमा केली, तूही कर आणि घरी जा" असा सल्ला देणारे पाळक आजही भेटतात. तो सल्ला चुकीचा आहे. क्षमा तिच्या मनाची आणि तिच्या वेळेची गोष्ट आहे. घरी परतणं हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि तो वेगळाच ठरवायचा.

परिणाम राहतील, हेही धरून चला. २ शमुवेल १२:१३-१४ मध्ये क्षमा आणि परिणाम लागोपाठच्या ओव्यांत आहेत. खजिनदाराला क्षमा मिळते, तिजोरीची किल्ली लगेच मिळत नाही, आणि न मिळणं त्याच्याच भल्याचं असतं. पौल आणि बर्णबा यांच्या प्रवासातला मदतनीस योहान मार्क पंफुल्यातून पौलाला सोडून परतला (प्रेषितांची कृत्ये १३:१३). पुढच्या फेरीला पौलाने त्याला न्यायला साफ नकार दिला, त्यावरून बर्णबाशी कडाक्याचं भांडण झालं (१५:३७-३९). आणि खूप नंतर, २ तीमथ्य ४:११ मध्ये, तोच पौल लिहितो की मार्काला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधली वर्षं मार्कासोबत उभा राहिला तो बर्णबा.

तपासणी: भरपाई सुरू झाली? मग कागद फाडा. हप्त्यांचा हिशोब वेगळ्या कागदावर ठेवा.

## टप्पा ७: चर्चमध्ये परत

पहिला रविवार अवघड जातो. उपासना सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी जा, कोणाशेजारी बसायचं ते शनिवारीच फोन करून ठरवा. "बऱ्याच दिवसांनी?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: "हो, आता येतोय." त्यापुढे स्पष्टीकरण देणं लागत नाही.

पवित्र सहभागितेबाबत (भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, म्हणजेच कम्युनियन किंवा प्रभुभोजन): कॅथलिकांनी गंभीर पाप झालं असेल तर आधी कन्फेशन, मग कम्युनियन. प्रोटेस्टंटांमध्ये १ करिंथकरांस ११:२८ चा धाक घेऊन वर्षानुवर्षं प्रभुभोजनापासून दूर बसणारे पुष्कळ आहेत. ती ओवी पूर्ण वाचा: माणसाने आत्मपरीक्षा करावी, आणि मग भाकर खावी, प्याला प्यावा. परीक्षा खाण्यासाठी आहे. तुमच्या मंडळीने शिस्तीखाली काही काळ थांबायला सांगितलं असेल तर मुदत विचारून घ्या. मुदत नसलेली शिस्त म्हणजे हकालपट्टीच.

## टप्पा ८: पुढच्या पडण्याची तयारी

हे लिहिलेलं काहींना खटकेल, पण योहान २१ मध्ये तीनदा विचारून पुन्हा उभा केलेला पेत्र पुढे अंत्युखियात परत घाबरला, लोकांच्या भीतीने विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं (गलतीकरांस २:११-१४). त्याने प्रेषितपण सोडलं नाही.

एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा:

- मी कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोणत्या अवस्थेत पडतो. उदाहरणार्थ पगाराचा दिवस, स्टँडमागचा बार, भांडणानंतर.
- त्यातली एक गोष्ट मी कशी बदलली आहे. पगार पत्नीच्या खात्यात, घरी जायचा रस्ता दुसरा. निर्धार लिहू नका, व्यवस्था लिहा.
- पाचव्या टप्प्यातल्या माणसाचा फोन नंबर.
- पडलो तर चोवीस तासांत त्याला सांगेन.

शेवटची ओळ सगळ्यात जास्त उपयोगी पडते. माणूस एका घोटाने तितका बुडत नाही, जितका "आता मोडलंच आहे तर" म्हणत गेलेल्या पुढच्या सहा आठवड्यांत बुडतो. मीखा ७:८ कार्डाच्या मागे लिहा: पडलो तरी मी पुन्हा उठेन. व्यसनाच्या बाबतीत एकट्या कार्डावर विसंबू नका. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होतात, आणि तिथे जाण्याने विश्वासाला काही बाधा येत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या माणसाला भेटा, अर्धा तास. तीन प्रश्न: कुठे घसरलात, हप्ता गेला का, शेवटचं खरं कधी हसलात. तिसरा प्रश्न गाळू नका.

## आणि तुमच्याकडे कोणी आलं तर

लूक २२:३२ मध्ये पेत्राला पडण्याआधीच सांगितलेलं होतं, की तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. तेव्हा एक दिवस दारात कोणीतरी उभं राहील. सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३). तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. आलेल्याला आधी विचारा, जेवलात का. मग ऐका. वचन सांगायची घाई नको, आणि तुमची स्वतःची गोष्ट त्याने विचारल्याशिवाय सुरू करू नका. उठताना पुढची भेट वार आणि वेळेसह ठरवा.